स्पीकरची घरघर: प्रयोगाआधी या चुका टाळा

नाटकाच्या साउंडमध्ये घरघर सुरू झाली की कोणीतरी हमखास साउंड मिक्सरच्या (माइक, लॅपटॉप यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) थ्री-पिन प्लगमधली वरची जाड पिन काढून टाकतं. आवाज बऱ्याचदा थांबतोही, म्हणून ही सवय सुटत नाही. पण ती पिन अर्थिंगची असते. आत एखादी वायर सुटून बॉडीला लागली तर २३० व्होल्ट मिक्सरच्या पत्र्यावर आणि तिथून माइकच्या जाळीपर्यंत येऊ शकतात. मुंबईच्या पावसात ओल्या पायांनी आलेला नट तोच माइक हातात धरतो. काहीही झालं तरी ही पिन काढू नका.

खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. मिक्सर प्रेक्षागृहात मागे, अँप (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) विंगेत, आणि दोघांचा सप्लाय वेगवेगळ्या बोर्डांवरून. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला तरी साउंडच्या केबलमधल्या तारांभोवतीच्या धातूच्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट फिरतो आणि स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ ऐकू येतं. मिक्सर, अँप, लॅपटॉप सगळं एकाच बोर्डावर घ्या. त्यासाठी जाड वायरचं लांब एक्स्टेंशन ओढावं लागलं तरी ओढा.

तो बोर्ड लाइटवाल्यांचा मात्र नको. डिमर (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारं यंत्र) दिवा मंद करताना सेकंदाला १०० वेळा वीज तोडतो, त्याची कर्कश ‘झूंऽऽ’ साउंडमध्ये शिरते. प्रकाश फेड होताना आवाज बदलला, तर दोषी डिमरच. साउंडची केबल लाइटच्या केबलला समांतर टाकू नका, ओलांडायचीच तर काटकोनात ओलांडा.

दादरला दुपारचा प्रयोग संपवून रात्रीचा लावताना वेळ कमी असतो, मग अंदाजाने केबली बदलणं सुरू होतं. त्यापेक्षा मिक्सरचे सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) खाली घ्या. तरीही घरघर राहिली तर गडबड फेडरच्या पुढे, बहुतेक अँप-स्पीकरकडे आहे. थांबली तर एकेक फेडर वर करत जा. पार्श्वसंगीताच्या लॅपटॉपवर सापडली, तर चार्जर काढून बघा. आवाज गेला तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल थेट तारेने न जोडता ट्रान्सफॉर्मरमधून पुढे देणारी छोटी पेटी) लावा आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. इथे फक्त सिग्नलच्या केबलची जाळी सुटते, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं. केबल काढण्या-लावण्याआधी अँप बंद ठेवा, नाहीतर स्पीकर उडू शकतो.

सॉकेटलाच अर्थिंग नसेल तर नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. ते काम साउंडवाल्याने अंगावर घेऊ नये.