मोठी फाइल, पावसाळी नेटवर्क
मालवण-देवगडकडच्या गिऱ्हाइकांना लग्नाचा पाच-सहा जीबीचा व्हिडिओ वेबसाइटवरून द्यायचाय? पब्लिक फोल्डरमध्ये ठेवू नका. लिंक वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली की गेलीच. ॲमेझॉन एस३ या क्लाउड साठवणुकीतल्या खाजगी बकेटमध्ये (म्हणजे कप्प्यात) ठेवा आणि लॉगिन तपासून मुदतीची प्रीसाइन्ड लिंक (आधीच सही केलेली, ठरावीक वेळच चालणारी) द्या. मुदत १५ मिनिटांची मात्र नको. सुरू झालेलं डाउनलोड मुदत संपली तरी चालतं, पण पावसात लाइट गेली, राउटर बसला, की पुन्हा जोडताना थेट ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. मी सहा तास ठेवतो. कमाल ७ दिवस मिळतात, पण तात्पुरत्या क्रेडेन्शियलने (थोड्या वेळापुरत्या ॲक्सेस-किल्लीने) बनवलेली लिंक त्यांच्याबरोबरच मरते.

स्वतःचा सर्व्हर असेल तर वेबसाइटच्या पीएचपी कोडमधून फाइल ओतत बसू नका. कोडमध्ये फक्त परवानगी तपासा आणि उत्तरात ‘एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट’ हेडर (कुठली फाइल द्यायची ते सांगणारी ओळ) पाठवा. पुढचं एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बघतो, अर्धवट राहिलेलं डाउनलोडसुद्धा.