फायरवॉलचे लॉग वाझूत दिसत नाहीत? या चुका टाळा

फोर्टिगेट या फायरवॉलमध्ये सिसलॉग (नेटवर्कवरून लॉग पाठवायची पद्धत) सर्व्हर म्हणून वाझूचा, म्हणजे लॉग तपासून अलर्ट देणाऱ्या प्रणालीचा, आयपी टाकला, सेव्ह केलं, तरी डॅशबोर्ड कोराच. मग बहुतेक जण दोन्हीकडची सेटिंग एकदमच बदलायला घेतात. पुढे लॉग आले, तरी नेमके कशामुळे आले ते कोणालाच सांगता येत नाही. लॉग कुठपर्यंत पोचतोय ते आधी बघा, मग हात लावा.

फायरवॉलच्या सीएलआयवर (कमांड लिहायच्या स्क्रीनवर) 'डायग्नोज लॉग टेस्ट' चालवा आणि वाझू सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावून यूडीपी ५१४ पोर्ट बघत बसा. पॅकेट आलंच नाही तर घोळ रस्त्यात आहे: राउटिंग किंवा मधला एखादा एसीएल (काय जाऊ द्यायचं याची नियमयादी). पण आलं म्हणून लगेच खूश होऊ नका. टीसीपीडम्प पॅकेट पकडतो तो लिनक्सच्या स्वतःच्या फायरवॉलच्या आधी. त्यामुळे तिथे लॉग ठळक दिसतो आणि पुढच्याच पायरीला फायरवॉल-डी, म्हणजे लिनक्सचा तोच फायरवॉल, तो टाकून देतो. यात लोकांचा अख्खा दिवस जातो.

वाझूचं १५१४ पोर्ट एजंटसाठी (संगणकांवर बसवलेल्या वाझूच्या प्रोग्रामसाठी) असतं. सिसलॉगसाठी वेगळा 'रिमोट' ब्लॉक लिहावा लागतो आणि त्यात 'अलाउड-आयपीज' (कोणत्या आयपीकडून लॉग घ्यायचे ते) द्यावंच लागतं. इथे फायरवॉलचा मॅनेजमेंट आयपी टाकला जातो, पॅकेट मात्र दुसऱ्याच इंटरफेसच्या आयपीवरून येतं. टीसीपीडम्पमध्ये जो सोर्स आयपी दिसला तोच लिहा, नाहीतर फोर्टिगेटवर सोर्स-आयपी पक्का करून टाका.

एवढं करूनही काही दिसत नसेल, तर कदाचित काहीच बिघडलेलं नाही. वाझू आलेला प्रत्येक लॉग दाखवत नाही. एखाद्या नियमात बसला आणि त्या नियमाची लेव्हल ३ किंवा वरची असली तरच अलर्ट होतो. खात्रीसाठी 'लॉगऑल जेसन' तात्पुरतं चालू करून अर्काइव्हची फाइल बघा. काम झालं की बंद करा, डिस्क भरायला वेळ लागत नाही.

सगळ्यात जास्त छळते ती वेळ. सिसलॉगचा जुना साचा, म्हणजे २००१ चा आरएफसी ३१६४, टाइमस्टॅम्पमध्ये ना वर्ष देतो ना टाइमझोन. लॉगमधलीच वेळ नोंदीला लावणारा पार्सर (लॉग वाचून त्याची फील्ड वेगळी करणारा भाग) मधे असेल, तर फायरवॉल भारतीय वेळ लिहितो आणि पार्सर ती यूटीसी समजतो. झालं, नोंद साडेपाच तास भविष्यात! 'शेवटची १५ मिनिटं' लावून बसलेल्याला ती दिसणार कशी? शोधाची मुदत उद्यापर्यंत वाढवून बघा, हरवलेले लॉग तिथेच सापडतात. फोर्टिगेटच्या लॉगमध्ये टाइमझोनचं फील्ड असतं, पार्सरला ते वाचायला लावा. घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) हवीतच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही ते आहे, शिवाय लॉग १८० दिवस जपायचे आणि नमूद प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायच्या. घड्याळच चुकलं असेल तर ते सहा तास मोजायचे कुठून?

आता पाठवायचं काय? फोर्टिगेटच्या परवानगीच्या पॉलिसीवर सहसा फक्त सुरक्षाविषयक घटनांचे लॉग चालू असतात आणि शेवटच्या इम्प्लिसिट डिनायचे (कुठल्याच पॉलिसीत न बसलेलं अडवणाऱ्या नियमाचे) बंद. म्हणजे पोर्ट स्कॅन करून कोणी गेलं तरी नोंद नाही. उलट टोकाला जाऊन प्रत्येक पॉलिसीवर 'ऑल सेशन्स' लावलं, तर डीएनएसच्या कचऱ्यातच स्टोरेज संपतं. माझ्या मते डिनाय, व्हीपीएन, अॅडमिन लॉगिन आणि बाहेर जाणारा सर्व्हरचा ट्रॅफिक आधी घ्यावा, बाकीचं गरजेनुसार.

यूडीपीत हरवलेलं पॅकेट परत येत नाही आणि कोणी ओरडतही नाही. लॉग इंटरनेटवरून जाणार असतील तर टीएलएसच (कूटबद्ध जोडणी) वापरा, त्याचं ठरलेलं पोर्ट ६५१४. मधे आरसिसलॉगचा रिले (लॉग घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर) ठेवून त्यात डिस्कवरची क्यू (रांग) लावली, तर वाझू रीस्टार्ट होताना रिलेपर्यंत पोचलेले लॉग वाचतात, मात्र रिलेपासून पुढे टीसीपी हवं. आणि एक अलर्ट लगेच लिहून ठेवा: ठरावीक मिनिटांत या फायरवॉलकडून एकही लॉग आला नाही तर मेल जावा.