मोठं शहर सोडून नाशिक-कोल्हापूरला जायचं का? कसं ठरवावं

ठाणे, डोंबिवली, पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी घरांत हा विषय वर्षातून दोनदा हमखास निघतो: दिवाळीत आणि मे महिन्यात. गावाहून परतताना कुणीतरी म्हणतं, "कशाला राहायचं त्या गर्दीत? नाशिकला जाऊ, नाहीतर कोल्हापूरला." दोन दिवस फ्लॅटच्या जाहिराती बघितल्या जातात, सोमवारी लोकल पकडली की सगळं मागे पडतं. ज्यांना या विषयाचा एकदाचा निकाल लावायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं नाशिक, कोल्हापूर, सांगली-मिरज आणि छत्रपती संभाजीनगरची आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगते. ज्याची नोकरी किंवा बदली पक्की आहे, त्याच्याकडे बघून हा निर्णय घेऊ नका. त्याचं बस्तान बसतंच. घरातल्या बाकीच्यांचं तिथे काय होणार, त्यावर हा निर्णय टिकतो किंवा वर्षभरात मोडतो.

पहिली पायरी: प्रत्येकाचा आठवडा कागदावर उतरवा

घरातल्या प्रत्येक माणसाचा वेगळा कागद करा. त्यावर सोमवार ते रविवार काय काय होतं ते लिहा: किती वाजता, कुठे, कशाने, कुणाबरोबर. आईंचा कागद असा असेल: सकाळी चालत देवळात, येताना भाजी, गुरुवारी भजनी मंडळ, महिन्यातून एकदा शेअर रिक्षाने डॉक्टरकडे. आता प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा. नव्या शहरात हे काम त्यांना कुणाला "जरा सोडतोस का?" असं न विचारता करता येईल का?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण मध्यम शहरं दुचाकीवर चालतात. मुंबईत रेल्वेचा पास काढला की माणूस मोकळा. नाशिकमध्ये २०२१पासून सिटीलिंक ही शहर बससेवा आहे, कोल्हापूरला केएमटीच्या बस आहेत, पण तुमच्या नेमक्या कॉलनीत दर किती मिनिटांनी बस येते आणि रात्रीची शेवटची किती वाजता, हे स्टॉपवर उभं राहूनच कळतं. रिक्षा बऱ्याच ठिकाणी मीटरने येत नाहीत, भाव ठरवावा लागतो. म्हणजे प्रत्येक मोठ्या माणसाला गाडी लागते, आणि ज्याला गाडी चालवता येत नाही तो घरात अडकतो. मुंबईत स्वतःच्या पायावर हिंडणारी सत्तरीची बाई नव्या गावात मुलाच्या सुट्टीची वाट बघत बसते. घराचं भाडं अर्ध्यावर आलं म्हणून ही किंमत छोटी होत नाही.

दुसरी पायरी: हातातली नोकरी आणि तिच्यानंतरची

घरून काम करत असाल तर तशी परवानगी लेखी घ्या. "साहेबांचं काही म्हणणं नाही" यावर घर हलवू नका, साहेब बदलतात. आठवड्यातून एक-दोन दिवस ऑफिसला जावं लागणार असेल तर अंतरं डोळ्यांपुढे ठेवा: मुंबई-नाशिक साधारण १७० किलोमीटर, पुणे-नाशिक २१०, पुणे-कोल्हापूर २३०, मुंबई-कोल्हापूर पावणेचारशेच्या घरात. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून मुंबईला नोकरीसाठी जाणारे पासधारक वर्षानुवर्षं आहेत. गाडी सकाळी सातच्या सुमारास तिथून निघते. पण नाशिकरोड स्टेशन शहराच्या मध्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. गंगापूर रोडला घर घेतलंत तर गाडी गाठायला किती वाजता उठावं लागेल, ते मोजा. कोल्हापूरहून मात्र आठवड्याला मुंबई करणं हा विचार सोडून द्या. पुणं एकवेळ जमेल.

मग पुढचा प्रश्न: ही नोकरी उद्या गेली तर त्याच शहरात दुसरी देणाऱ्या पाच कंपन्यांची नावं सांगता येतात का? यंत्रांच्या क्षेत्रातला माणूस सातपूर, अंबड, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव या एमआयडीसींची नावं पटकन घेईल. जाहिरात, बँकांची मुख्य कार्यालयं किंवा चित्रपट-मालिकांचं काम करणाऱ्याला दोन नावंही सुचणार नाहीत. हीच यादी जोडीदारासाठी वेगळी करा, आणि तिच्यावर जास्त वेळ घालवा. बहुतेक घरांत बायकोची नोकरी "तिथे मिळेल काहीतरी" या तीन शब्दांत निकालात निघते. तसं करू नका. घर हलवायच्या आधी तिने तिथे तीन-चार ठिकाणी प्रत्यक्ष मुलाखती द्याव्यात आणि पगाराचा आकडा हातात यावा.

तिसरी पायरी: हिशेब दोन्ही पगारांचा

समजा, ठाण्यात भाडं ३२ हजार आहे आणि नाशिकला तसंच घर १६ हजारांत मिळतंय. महिन्याला १६ हजार वाचले. पण पत्नीची ३८ हजारांची नोकरी सुटून तिथे २० हजारांची मिळाली, तर १८ हजार गेले. वरून दुसऱ्या दुचाकीचा हप्ता, पेट्रोल, आणि महिन्यातून एकदा मुंबईची फेरी. म्हणजे स्वस्त शहरात जाऊन घर तोट्यात आलं. आकडे तुमचे घाला, पण वजाबाकीची ही बाजू वगळू नका.

केंद्र सरकारी नोकरीत असाल तर घरभाडे भत्त्याकडेही बघा. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत मुंबई-पुणे 'एक्स' वर्गात आहेत. नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, संभाजीनगर 'वाय' वर्गात. दर अनुक्रमे ३० आणि २० टक्के. मूळ वेतन ६० हजार असेल तर भत्ता १८ हजारांवरून १२ हजारांवर येतो.

किराणा, दूध, शाळेची बस, मोलकरीण यांतला फरक लोकांना वाटतो तेवढा नसतो. खरी बचत जागेत आणि वेळेत होते. वाचलेल्या वेळेचं काय करणार, तेही ठरवा. रोजचे दोन तास हाती येणं ही लहान गोष्ट नाही.

चौथी पायरी: शहर त्याच्या वाईट महिन्यात बघा

डिसेंबरात नाशिक कुणालाही आवडेल. म्हणून डिसेंबरात जाऊन काही ठरवू नका. प्रत्येक शहराचा एक अवघड महिना असतो, त्या महिन्यात किमान आठवडाभर तिथे राहा: हॉटेलात नको, ज्या भागात घर बघताय तिथल्याच एखाद्या भाड्याच्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे.

संभाजीनगरला एप्रिल-मेमध्ये जा. जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर असूनही तिथल्या अनेक वसाहतींत नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत आलं आहे. त्यामुळे "पाणी आहे का?" असं विचारू नका, सगळे "आहे" म्हणतात. "मागचं पाणी कोणत्या तारखेला आलं, किती वाजता, किती वेळ?" असं विचारा. उत्तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडून घ्या, दलालाकडून नको. मग गच्चीवर जाऊन टाक्या मोजा. सोसायटीच्या वहीत टँकरच्या नोंदी असतात, त्या मागून बघा. लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. मराठवाड्यात घर बघताना हा प्रश्न भाड्याच्याही आधी यायला हवा.

कोल्हापूर-सांगलीला जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये जा. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ती ४० आणि ४५ फूट. पावसाळ्यात तिथली माणसं हे आकडे रोज बघतात. २०१९मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूरु महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. २०२१मध्ये पुन्हा तेच. म्हणून घर बघायला गेलात की शेजारच्या दुकानदाराला विचारा, "२०१९ला पाणी कुठपर्यंत होतं?" तो हाताने भिंतीवर दाखवेल. त्यानंतर महापालिकेत पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. एकाच शहरात शाहूपुरीची खालची गल्ली पाण्यात असते आणि राजारामपुरीचा चढ कोरडा. त्यामुळे "कोल्हापूर बुडतं" हे जितकं चूक, तितकंच "आमच्याकडे कधी पाणी येत नाही" हे दलालाचं वाक्य तपासल्याशिवाय धरणं चूक.

तिथे असताना एक पूर्ण कामाचा दिवस तिथूनच काम करून बघा. महावितरणचा देखभालीचा दिवस कोणता, तेव्हा वीज किती तास जाते, इन्व्हर्टरवर इंटरनेट चालतं का, हे त्याच दिवशी कळेल.

पाचवी पायरी: दवाखाना आणि शाळा

वैद्यकीय सोयींबाबत या शहरांना कमी लेखू नका. मिरजेचा लौकिक शंभर वर्षांहून जुना आहे, कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येतात. तरी घरात एखादा कायमचा आजार असेल तर त्या आजाराचा डॉक्टर नाव-पत्त्यानिशी शोधा आणि एकदा भेटून या. आरोग्य विम्याची कागदपत्रंही काढा. तुमच्या कंपनीच्या कॅशलेस यादीत त्या शहरातली कोणती रुग्णालयं आहेत ते बघा. काही पॉलिसींचा हप्ता शहराच्या गटानुसार ठरतो. लहान शहराचा पत्ता दिला की हप्ता उतरतो, पण पुढे उपचार मुंबईत घेतले तर बिलाचा काही हिस्सा स्वतःला भरावा लागतो. पत्ता बदलण्याआधी हे कलम वाचा.

शाळेचं थोडक्यात: नववी-दहावीच्या किंवा अकरावी-बारावीच्या मध्येच मुलांना हलवू नका. चांगल्या शाळांचे प्रवेश हिवाळ्यातच सुरू होतात, तेव्हा एप्रिलमध्ये चौकशी करून उपयोग नाही.

सहावी पायरी: पहिलं वर्ष भाड्याने, जुनं घर हातात

मोठ्या शहरातलं स्वतःचं घर लगेच विकू नका, भाड्याने द्या. नव्या शहरात पहिलं वर्ष भाड्यानेच राहा आणि अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवा. महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. परतीचा रस्ता उघडा असला की घरातली माणसं मोकळेपणाने बोलतात. तो बंद केलात की मग कुणी खरं सांगत नाही.

वर्षानंतर विकत घ्यायचं ठरलं तर प्रकल्प महारेरावर, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीत, तपासा. प्लॉट असेल तर सातबारा, एनए (बिगरशेती परवानगी) आणि गुंठेवारीची, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकल्याची, भानगड वकिलाकडून बघून घ्या. आणखी एक: घर महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या? कोल्हापूरची हद्दवाढ अनेक दशकं रखडली, त्यामुळे पाचगाव किंवा उचगावचं घर बोलण्यात "कोल्हापुरातलं" असतं, पण पाणी, कचरा आणि रस्त्याचे दिवे यांसाठी दार वेगळं ठोठवावं लागतं.

सातवी पायरी: होकार प्रत्येकाचा वेगळा घ्या

पहिल्या पायरीतले कागद पुन्हा काढा. प्रत्येकाने आपापल्या कागदावर "हो", "नाही" किंवा "अमुक झालं तर हो" असं लिहावं, एकमेकांचं न बघता. "अमुक झालं तर" ही उत्तरं सगळ्यांत उपयोगाची असतात: आईंना चालत जाता येईल असं देऊळ, बायकोला आधी नोकरीचं पत्र, मुलीला तिच्या क्लासची सोय. त्या अटींची यादी करा आणि त्या पुऱ्या होईपर्यंत घरमालकाला नोटीस देऊ नका. मोठ्या मुलांचाही कागद धरा. "नाही" आलं तर त्या माणसाला समजवायला बसू नका. त्याने कागदावर काय लिहिलंय ते वाचा आणि त्यातलं काय सोडवता येतं ते बघा.

होकार आले तर शाळेचं वर्ष संपल्यावर आणि पावसाआधी, म्हणजे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सामान हलवा. शाळा सोडल्याचा दाखला आधीच मागून ठेवा. गेल्यावर गाडीच्या आरसीवरचा पत्ता तीस दिवसांत बदला; राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही. गॅस कनेक्शन वर्ग करा आणि मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा.