मोटर का उचलत नाही? उसाच्या फीडरचा लोड फ्लो घरच्या लॅपटॉपवर

एप्रिलमध्ये उसाला पाणी पाजायची घाई आणि नेमकी तेव्हाच मोटर उचलत नाही, स्टार्टर दाबला की घुर्र करून ट्रिप. करवीर तालुक्यात नदीकाठी ज्याची शेती आहे त्याला हे सांगायला नको. आमच्या काकांच्या विहिरीवर मीटर ३४५ व्होल्टच्या आसपास दाखवायचं, पाहिजे ४१५. सगळ्यांचं एकच, डीपी (म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर) बदला. डीपी बदलली, व्होल्टेज तेवढंच. तेव्हा मी डिप्लोमाला शिकलेला लोड फ्लो पहिल्यांदा खऱ्या कामाला लावला, आणि तुम्हालाही जमेल म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

लोड फ्लो म्हणजे काय, तर कुठल्या टोकाला किती लोड आहे आणि मधली वायर कसली किती लांब आहे एवढं दिलं की प्रत्येक ठिकाणचं व्होल्टेज आणि प्रत्येक तुकड्यातला लॉस काढायचा. मोठ्या ग्रिडसाठी हे हातानं होत नाही, म्हणून १९२९ मध्ये एमआयटीत खोलीभर ग्रिडचं छोटं मॉडेल उभं केलेलं. १९५६ ला वॉर्ड आणि हेल यांनी डिजिटल कॉम्प्युटरवर करायची पद्धत दिली, १९६७ ला टिनी आणि हार्ट यांनी न्यूटनची पद्धत बसवली, आणि आज साध्या लॅपटॉपवरची सॉफ्टवेअर जे वापरतात ते मुळात तेच आहे.

सुरुवात कॉम्प्युटरवर नाही, लाईनच्या कडेनं चालत करायची. मोबाईलच्या जीपीएसवर प्रत्येक पोलचं ठिकाण घ्या, त्यावरून लांबी निघते. वायर कुठली आहे हे नुसत्या नकाशावरून धरू नका. लाईनच्या वायरींना जाडीप्रमाणं प्राण्यांची नावं आहेत: विझल बारीक, रॅबिट मधली, डॉग जाड. आमच्याकडं नकाशात रॅबिट लिहिलेलं आणि शेवटच्या तुकड्यात निघाली विझल. खालून बघून दोन्ही सारख्याच दिसतात, सात तारांच्या. वायरमनकडं जुन्या वायरचा तुकडा पडलेला असतो, त्यातल्या एका तारेला व्हर्नियर लावायचा, ३.३५ मिमी आली तर रॅबिट, २.५९ आली तर विझल. लाईनवरच्या वायरीला हात लावायचा नाही, पोलवर चढायचं नाही, ते काम वायरमनचं, लाईन बंद करून. रेझिस्टन्स दर किलोमीटरला विझलचा साधारण ०.९३ ओहम, रॅबिटचा ०.५५, डॉगचा ०.२८. विझल आणि रॅबिटमध्ये किती फरक आहे बघा.

आता एक्सेल उघडा. प्रत्येक तुकड्याला एक ओळ. त्या तुकड्यातून जाणारे किलोवॅट गुणिले तुकड्याचा रेझिस्टन्स, त्यात केव्हीएआर (मोटरीला चुंबकत्वासाठी लागणारी, काम न करणारी पॉवर) गुणिले रिॲक्टन्स (वायरचा एसीला होणारा जादा अडथळा, हाही ओहममध्ये) मिळवा, आणि केव्हीनं भागा, ड्रॉप थेट व्होल्टमध्ये येतो. पहिल्यांदा काकांच्या एलटी लाईनला, म्हणजे डीपीपासून मोटरीपर्यंतच्या कमी व्होल्टेजच्या लाईनला लावा. डीपीपासून ७०० मीटर विझल, टोकाला पाच एचपीच्या सहा मोटरी, म्हणजे साधारण २६ किलोवॅट आणि २० केव्हीएआर. रेझिस्टन्स ०.९३ गुणिले ०.७ किमी म्हणजे ०.६५, रिॲक्टन्स ०.२१. डीपीवर ४०० व्होल्ट धरले तरी ड्रॉप ५३ व्होल्ट! आणि टोकाला व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, म्हणून खरा आकडा साठच्या घरात जातो. म्हणजे डीपी चांगलीच होती, ती फक्त लांब होती. छोटी डीपी विहिरीजवळ आणायची आणि ११ केव्ही लाईनच तिथपर्यंत न्यायची, एचव्हीडीएस म्हणतात ते हेच.

मग ११ केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनपासून डीपींपर्यंत येणारी लाईन. सरावासाठी हा घ्या: सबस्टेशनपासून ४ किमी डॉग, तिथं ६०० किलोवॅट. पुढं ३ किमी रॅबिट, ४०० किलोवॅट. शेवटी ३ किमी विझल, ३०० किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे केव्हीएआर किलोवॅटच्या पाऊणपट, आणि रिॲक्टन्स सगळीकडं दर किमीला ०.३५ ओहम धरा. प्रत्येक तुकड्यातून त्याच्या पुढचा सगळा लोड जातो, म्हणून पहिल्यात १३००, दुसऱ्यात ७००, तिसऱ्यात ३०० किलोवॅट. पहिल्या फेरीत तिन्ही तुकड्यांचे ड्रॉप २५६, १५५ आणि ९८ येतात. आता लॉस लोडमध्ये मिळवून, कमी झालेलं व्होल्टेज घेऊन परत फिरवा, टेल एंडला (लाईनच्या शेवटच्या टोकाला) १०.४७ केव्ही येईल आणि लॉस ४१ किलोवॅटच्या आसपास. तिसऱ्या फेरीत आकडे फारसे हलत नाहीत, तिथं थांबायचं. ११ केव्हीला उणे ९ टक्क्यांपर्यंत चालतं, हा ड्रॉप ५ टक्क्यांच्या आत आहे.

फाटे वाढले की एक्सेल लई किचकट होतं, तेव्हा पायथनमधलं पांडापॉवर घ्या, फुकट आहे. बस (म्हणजे लाईनवरचा प्रत्येक जोडबिंदू), सबस्टेशनच्या जागी एक्स्टर्नल ग्रिड, लाईन, लोड, एवढं भरायचं आणि रनपीपी द्यायचं. सगळे एका गोष्टीला अडकतात, मीही अडकलो: तिथं लोड मेगावॅटमध्ये आणि करंट किलोअँपिअरमध्ये लागतो. ६०० किलोवॅट म्हणजे ०.६. मी ६०० टाकलेलं, दोन तास ‘कन्व्हर्ज झालं नाही’, म्हणजे उत्तर जुळलं नाही, एवढंच येत होतं. वरचा फीडर आधी त्यात घाला आणि एक्सेलशी जुळतोय का बघा, मगच स्वतःचा.

खरी मजा पुढं आहे. रॅबिट संपते तिथं ६०० केव्हीएआरचा कॅपॅसिटर बसवून बघा. टेल एंडचं व्होल्टेज साधारण १३० ते १५० व्होल्टनं वर येतं आणि लॉस ४१ वरून २८ किलोवॅटवर. पांडापॉवरमध्ये तो शंट (बसला जोडलेलं उपकरण) म्हणून टाकताना केव्हीएआरला उणे चिन्ह द्या, नाहीतर उलटं व्होल्टेज पडेल. आणि हेच मॉडेल लोड दहा टक्क्यांवर आणून पण चालवा, कारण मोटरी बंद झाल्यावर तोच कॅपॅसिटर व्होल्टेज वर ढकलतो. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातही हेच प्रश्न विचारले जातात, फक्त तिथं आकडे स्काडावरून, म्हणजे दुरून आपोआप मोजणाऱ्या यंत्रणेवरून, सतत येत असतात.

आपल्याकडं स्काडा नाही, म्हणून मॉडेलवर विश्वास ठेवायच्या आधी एक दिवस ठरवा. सकाळी मोटरी चालू असताना सबस्टेशनच्या पॅनलवरचं व्होल्टेज आणि करंट विचारून घ्या, आणि त्याच वेळी वायरमनकडून शेवटच्या डीपीच्या एलटी बाजूचं रीडिंग टाँग टेस्टरनं घ्या. त्याला ११००० भागिले ४३३ नं गुणलं की वरच्या बाजूचा अंदाज मिळतो, डीपीचा स्वतःचा ड्रॉप त्यात मिळवायचा. मॉडेलशी जुळलं नाही तर आधी लोडचे आकडे तपासा, मग वायर, आणि दोन्ही बरोबर निघाले तर लाईनवर कुठंतरी जॉइंट ढिला असू शकतो.