पाण्याचा नकाशा मातीच्या नकाशावर ठेवून पाहा

उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरी आणि बोअरची पातळी तळाला जाते व उरलेल्या पाण्यात क्षार बहुधा सर्वाधिक असतात. म्हणून सिंचनाच्या पाण्याच्या तपासणीचा पहिला नमुना याच दिवसांत घ्यावा आणि दुसरा पावसाळा सरल्यावर. पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून, बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून नमुना भरावा व लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा.

पाण्याच्या प्रतीचा नकाशा करताना केवळ विहिरींचे ठिपके मांडून थांबू नये. मोबाईलवर प्रत्येक स्रोताचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत, बोअरची खोली लिहावी आणि मुख्य म्हणजे कोणत्या स्रोताचे पाणी कोणत्या तुकड्याला किती वर्षे दिले जात आहे, हे रंगाने दाखवावे. त्याच तुकड्यांतून 0-15, 15-30 आणि 30-60 सेंटिमीटर खोलीचे मातीचे नमुने घेतले, तर पाण्याचा परिणाम कोणत्या थरापर्यंत उतरला आहे ते दिसते. दोन बोअरच्या मधल्या जागेचा रंग अंदाजाने भरणे मात्र टाळावे, कारण शेजारच्या बोअरची खोली वेगळी असली की पाणीही वेगळे निघू शकते.

क्षारांचा हिशेब साधा आहे. पाण्यातील क्षारांचे माप असलेली विद्युत वाहकता म्हणजे ईसी 1 डेसीसायमन प्रति मीटर असलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे 640 मिलिग्रॅम क्षार असतात. एक हेक्टरला 5 सेंटिमीटरची एक पाळी दिली, की सुमारे 320 किलो क्षार शेतात येतात; दहा पाळ्यांत तीन टनांहून अधिक. निचरा चांगला असेल तर त्यातील बराचसा भाग मुळांखाली धुऊन जातो, नसेल तर तो जमिनीतच साठतो.

तरीही ईसी कमी म्हणजे पाणी चांगले, असे मानणे ही आमच्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. चवीला गोड लागणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमपेक्षा बायकार्बोनेट जास्त असले, तर जमिनीतील कॅल्शियम चुन्याच्या रूपाने बाहेर पडते, सोडियम मातीच्या कणांना चिकटतो आणि जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट व पाणी न मुरणारी, होते. पाळी दिल्यावर दोन-दोन दिवस सरीत पाणी तुंबते, त्यावर चहासारखी काळसर झाक येते आणि वाळल्यावर पृष्ठभागाची पापडी इतकी कडक होते की कोंब खालीच वाकतो. म्हणून अहवालात सोडियम अधिशोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (आरएससी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचे कार्बोनेट-बायकार्बोनेट) मागून घ्यावे. आरएससी 1.25 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरपर्यंत असल्यास पाणी सुरक्षित, 2.5 च्या वर असल्यास उपचाराविना अयोग्य समजतात.

उपाय नकाशातील प्रत्येक स्रोताच्या पाण्यानुसार ठरतात. आरएससी जास्त असलेल्या स्रोतासाठी, कमी करायच्या प्रत्येक एककामागे (1 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) हजार घनमीटर पाण्याला सुमारे 86 किलो शुद्ध जिप्सम (कॅल्शियम देणारे खनिज) लागते. जिथे ईसीच जास्त आहे, तिथे जिप्समचा खर्च वाया जातो. तिथे आधी चर काढून निचरा करावा, चांगले पाणी उगवणीच्या काळासाठी राखावे आणि मचूळ पाणी पीक मोठे झाल्यावर आलटून-पालटून द्यावे. ठिबकखाली क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला जमतात, त्यामुळे पहिला हलका पाऊस पडत असताना संच बंद न ठेवता चालू ठेवावा, नाहीतर तेच क्षार मुळांशी परत येतात.