आपल्या खासदाराचं संसदेतलं काम कसं तपासावं

निवडणूक जवळ आली की खासदारांची प्रगतिपुस्तकं फिरू लागतात. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, राज्यात अमुक क्रमांक. हे आकडे बहुधा खरे असतात, पण त्यावरून माणूस काय करतो ते कळत नाही. त्यासाठी मूळ कागद उघडावे लागतात. ते सगळे फुकट आणि घरबसल्या मिळतात.

पहिली पायरी: खासदार कोणत्या सभागृहात आहेत?

महाराष्ट्रातून लोकसभेवर 48 आणि राज्यसभेवर 19 खासदार जातात. दोन्ही सभागृहांची कागदपत्रं वेगळी ठेवलेली असतात. तुमचे खासदार मंत्री असतील तर त्यांच्या नावावर प्रश्न शून्य दिसतील, तो आळस नव्हे. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. अशा वेळी त्यांच्या खात्याची उत्तरं वाचा.

दुसरी पायरी: प्रश्न शोधा

‘संसद डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर आपलं सभागृह निवडून प्रश्नांच्या विभागात जा. तिथे सदस्याचं नाव, मंत्रालय, अधिवेशन आणि प्रश्नाचा प्रकार निवडता येतो. कितवी लोकसभा निवडली आहे तेही पाहा. सतरावी 2019 ते 2024 ची, अठरावी 2024 पासूनची. नुसता एकत्रित आकडा हवा असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, चर्चा आणि प्रश्न यांची नोंद ठेवते आणि शेजारी राज्याची व देशाची सरासरीही देते. हजेरीवर मात्र फार विसंबू नका. एकदा नोंद झाली की त्या दिवसाची हजेरी लागते. त्यानंतर खासदार सभागृहात किती वेळ बसले, ते तिथे दिसत नाही.

तिसरी पायरी: तारांकित की अतारांकित?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न यादीत घेतले जातात. कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरतं, म्हणून तारांकित प्रश्न कमी दिसले तर त्यात खासदारांचा दोष असेलच असं नाही.

खरी परीक्षा पुढे असते. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास 11 वाजता सुरू होतो आणि तेवढ्या वेळात यादीतले सुरुवातीचे थोडेच प्रश्न पुकारले जातात. तुमच्या खासदारांचा प्रश्न पुकारला गेला असेल तर त्या तारखेचं कामकाजाचं इतिवृत्त उघडा. ते हजर होते का? उपप्रश्न विचारला की मंत्र्यांचे आभार मानून बसले? दोन पानं वाचली की अंदाज येतो.

चौथी पायरी: प्रश्न आणि उत्तर सोबत वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी हे पाहा की प्रश्नावर आणखी किती नावं आहेत. एकाच विषयावरचे अतारांकित प्रश्न एकत्र करतात, त्यामुळे दहाबारा नावांखाली एकच उत्तर असू शकतं, पण मोजणीत तो प्रत्येकाचा प्रश्न धरला जातो. मग प्रश्नाची भाषा पाहा. ‘देशात किती रेल्वे उड्डाणपूल मंजूर झाले’ असं कोणीही विचारू शकतं. ‘अमुक फाटकावरचा मंजूर पूल कशामुळे अडला, निधी कोणत्या वर्षी मिळाला, किती खर्च झाला’ असं विचारणाऱ्याने फाइल पाहिलेली असते. माझ्या मते असे पाच प्रश्न सरधोपट पाचशेंपेक्षा मोलाचे.

उत्तरांत दोन पळवाटा नेहमी भेटतात. एक, ‘हा राज्याचा विषय आहे’. दुसरी, ‘माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’. दुसरी वाटते तितकी पोकळ नाही. असं उत्तर आश्वासन मानलं जातं, ते साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर सरकारी आश्वासन समिती लक्ष ठेवते. खासदारांनी पुढच्या अधिवेशनात तोच धागा पुन्हा धरला का, हे नक्की तपासा.

पाचवी पायरी: मतदान

इथे अपेक्षा थोडी खाली आणा. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’वाले ओरडतात, ‘नाही’वाले ओरडतात, अध्यक्ष निकाल देतात आणि कोणाचंही नाव नोंदलं जात नाही. 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत शेतीविषयक विधेयकं अशीच मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवून मोजणी, मागितली होती, ती झाली नाही. त्यामुळे कोणत्या खासदाराने काय मत दिलं याची यादीच नाही.

मतविभागणी झाली तर मात्र बाजूने आणि विरोधात मत देणाऱ्यांची नावं इतिवृत्तात छापली जातात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मतं मोजावीच लागतात. यादीखालची टीपही वाचा. यंत्रावर मत न उमटलेल्यांनी चिठ्ठीने दिलेली मतं तिथे असतात. बैठक मध्यरात्रीनंतरही चालली असेल तर ती सुरू झाली त्या तारखेखाली शोधा. एप्रिल 2025 मध्ये लोकसभेत वक्फ सुधारणा विधेयक 288 विरुद्ध 232 मतांनी मंजूर झालं, तेही मध्यरात्र उलटल्यावर. बेरीज 520, सभागृह 543 जागांचं. एखादी जागा रिकामी असते, अध्यक्ष समसमान मतं पडली तरच मत देतात. उरलेल्यांत तुमचे खासदार होते का, ते दोन्ही याद्यांत नाव शोधून कळतं.

नाव सापडलं तरी मत त्यांचं स्वतःचंच असेल असं समजू नका. 1985 च्या 52व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेश मोडून मत दिलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. शिवाय 2023 मध्ये महिला आरक्षणाच्या विधेयकावर लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतं पडली. अशा यादीतून खासदारांमधला फरक काय कळणार? म्हणून मी प्रश्न आधी वाचतो, मतं नंतर.

सहावी पायरी: सापडलेलं वापरा

सामान्य नागरिकाला संसदेत प्रश्न विचारता येत नाही, पण खासदाराला सुचवता येतो. प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अर्थसंकल्पी, पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनाच्या तीनचार आठवडे आधी खासदारांच्या कार्यालयात एक पानी पत्र द्या. त्यात मंत्रालयाचं नाव, आधीच्या प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख, अर्धवट राहिलेल्या उत्तरातली ओळ आणि तुम्हाला हवे असलेले दोन किंवा तीन आकडे लिहा. अधिवेशन सुरू झालं की त्या मंत्रालयाच्या ठरलेल्या वारी यादीत तो प्रश्न येतो का, ते पाहता येईल.