फायबरवाला यायच्या आधी पाइपात दोरी ओढून ठेवा

इंटरनेटची फायबर केबल बसवायला माणूस येतो आणि केबलसाठीचा भिंतीतला पाइप नेमका तुंबलेला निघतो, मग केबल भिंतीवरून खिळे मारत नेतात आणि ते कायमचं तसंच राहतं. आदल्या दिवशी अर्धा तास दिलात तर हे टळतं.

१. राउटर कुठे ठेवायचा ते आधी ठरवा, शक्यतो घराच्या मधोमध आणि जवळ प्लग पॉइंट असलेली जागा.

२. पाइपाची दोन्ही तोंडं शोधा, रंग किंवा सिमेंट बसलं असेल तर खरवडून काढा.

३. प्लास्टिक पिशवीचा छोटा तुकडा चुरगळून त्याला बारीक नायलॉनची दोरी बांधा, तो एका तोंडात सरकवा आणि दुसऱ्या तोंडाला व्हॅक्युम क्लीनर लावा, फटी कापडाने नीट बंद करा, कारण हवा गळली की ओढ राहत नाही. बहुतेक वेळा दोरी काही सेकंदात पलीकडे येते! नाही आली तर पाइप कुठेतरी दबलाय, ते आजच कळलेलं बरं.

४. दोरी दोन्हीकडे हातभर जास्त ठेवून गाठ मारा. या दोरीने केबल ओढताना सोबत दुसरी दोरी पण ओढून घ्या, पुढे केबल बदलायची झाली तर तीच कामाला येते.

विजेच्या वायरी असलेल्या पाइपात मात्र हे अजिबात करू नका. आणि फायबर काटकोनात दाबून वळवू देऊ नका, आत काच असते, वळण मोठं गोल हवं.